हार्वेस्टर घेण्याआधी तुमचं नेहमीचं झाड मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चार जणांची चेनसॉवाली टोळी आहे, क्रेन बसवलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. काम बहुतेक विरळणीचं (काही झाडं काढून बाकीची वाढायला ठेवायची), मधूनमधून सरसकट तोडीचं. चेनसॉवर टिकणारी माणसं मिळेनाशी झालीत, म्हणून हार्वेस्टर (झाड पाडून, फांद्या काढून तिथेच ओंडके करणारं यंत्र) घ्यायचाय. समोर तीन पर्याय आहेत: नवा मध्यम सहाचाकी, जुना पण मोठा आठचाकी, किंवा घरच्या २० टनी पोकलेनला हार्वेस्टर हेड, म्हणजे हाताच्या टोकाला बसणारं झाड धरायचं-कापायचं डोकं. शिवाय कंपनी कुठली बरी, आणि पोकलेन चालवणारा तुमचा धाकटा भाऊ हे किती दिवसांत शिकेल, हेही विचारलंय. मधेच एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: "काही झाडं ६०-६५ सेंटिमीटरची निघतात, त्यामुळे मोठंच यंत्र घ्यावं असं वाटतं." माझ्या मते सगळा गुंता या वाक्यात आहे, म्हणून आधी तोच सोडवू.

हार्वेस्टर सर्वांत जाड झाडाकडे बघून घेऊ नये. जे झाड दिवसभर, मिनिटाला एक या गतीने हेडखालून जातं, त्याच्यासाठी घ्यावा. साधा हिशेब मांडतो. छातीच्या उंचीवर १३ सेंटिमीटर व्यास आणि १२ मीटर उंची असलेल्या झाडाचं खोड ०.०८ घनमीटरच्या आसपास भरतं. ते धरणं, पाडणं, फांद्या काढणं, तुकडे करणं आणि बूम (यंत्राचा लांब हात) पुढच्या झाडाकडे नेणं, या सगळ्याला ३५ सेकंद लागले तर तासाला साधारण १०० झाडं होतात. म्हणजे ८ घनमीटर लाकूड. आता २२-२३ सेंटिमीटर व्यासाचं, १९ मीटर उंच झाड घ्या. खोड ०.३५ घनमीटर. त्याला ५० सेकंद धरा. तासाला ७२ झाडं आणि लाकूड २५ घनमीटर. खोड चौपटीहून मोठं झालं, पण वेळ दीडपटही वाढला नाही. डिझेल, ऑपरेटरचा पगार, हप्ता हे दोन्हीकडे जवळपास तेच. म्हणजे बारीक झाडांच्या विरळणीत घनमीटरमागचा खर्च जाड झाडांच्या तिप्पट येतो, आणि त्यात यंत्राच्या बनावटीचा काडीचा संबंध नाही.

त्यामुळे पहिलं काम शोरूममध्ये नाही, रानात आहे. पुढच्या दोन वर्षांत जिथे काम करणार त्या तुकड्यांमध्ये फिरा. ५.६४ मीटर लांबीची दोरी घ्या आणि तिच्या त्रिज्येने वर्तुळ धरा. क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस मीटर होतं. त्यातल्या, काढायच्या असलेल्या झाडांचेच व्यास मोजा. राहणारी झाडं यात धरू नका. विरळणीत बारीक झाडं जातात आणि चांगली राहतात, म्हणून सगळ्यांची सरासरी घेतली की आकडा हमखास फुगतो. प्रत्येक तुकड्यात अशी दहा-बारा वर्तुळं, तीसुद्धा सोयीच्या जागी नाही तर ठरलेल्या अंतराने. एवढ्यावर जो सरासरी व्यास येईल तो तुमचं यंत्र ठरवतो.

कारण लाकूड कमावतं ते हेड. बाकीचा गाडा, मग तो कितीही टनांचा असो, त्या हेडला झाडापर्यंत नेऊन तेल आणि ताकद पुरवण्यासाठी असतो. एकाच पकडीत झाड पाडून तिथेच सोलणारी (म्हणजे खोडावरच्या फांद्या काढणारी) हेड्स पाऊण टनापासून दीड टनाच्या पुढेपर्यंत मिळतात. मोठं हेड बारीक झाडांत नेलं की ते दोन उभ्या झाडांच्या मधून जात नाही, राहणाऱ्या झाडांची साल खरवडतं, आणि बूमची निम्मी ताकद स्वतःचंच वजन हलवण्यात जाते. लहान हेड जाड झाडात नेलं तर बुंधा दोन बाजूंनी कापावा लागतो, खोड पुढे ढकलणारे रोलर घसरतात, तेल तापतं, आणि पकडीतून सुटलेलं जड खोड कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. कॅटलॉगमध्ये कमाल कापणीचा व्यास मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. मी तो आकडा सरळ निम्मा करतो. ६४ सेंटिमीटर लिहिलेलं हेड ३०-३२ सेंटिमीटरपर्यंतच्या झाडांत दिवसभर खुशीत चालतं. त्याच्या वर ते कापतं, पण कमावत नाही.

मग ६५ सेंटिमीटरच्या झाडांचं काय? शंभरात दोन-तीन असतील, तर तुमच्याकडे चेनसॉवाला अनुभवी माणूस आहेच. यंत्र येण्याआधी त्याने ती पाडून बुंध्याचा पहिला जाड ओंडका वेगळा करावा. वरचं निमुळतं खोड मग हार्वेस्टर उचलून सोलून टाकतो. शंभरात वीस-तीस असतील तर मात्र माझं म्हणणं उलटं होईल, आणि मोठ्या आठचाकीचा विचार योग्य ठरेल. वादळाने उन्मळलेल्या झाडांना यातलं काहीच लागू नाही. तिथे खोडं एकमेकांवर रेललेली आणि आतून ताणलेली असतात, चेनसॉ लावताच कुठल्या बाजूला उसळतील सांगता येत नाही. जानेवारी २००५ मध्ये स्वीडनमध्ये गुड्रुन वादळाने साधारण ७.५ कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवं केलं, आणि पुढच्या साफसफाईत माणसं दगावली. अशा रानात माणूस केबिनमध्येच हवा, झाड कितीही जाड असो.

आता जमीन. चाकं सहा की आठ, हा प्रश्न लोक ताकदीचा समजतात. तो वजन वाटण्याचा आणि तोल सांभाळण्याचा आहे. सहाचाकीत मागे दोन मोठी चाकं आणि पुढे बोगीवर (दोन-दोन चाकं एकत्र वरखाली होणाऱ्या जोडणीवर) चार. वळायला हलका, वाटेत गुंतत नाही. आठचाकीत दोन्हीकडे बोगी, त्यामुळे खड्डे-खुंटांवरून जाताना गाडी कमी डोलते, उतारावर बूम लांबवताना भीती वाटत नाही, आणि मऊ जमिनीत बोगीवर पट्टे चढवले की दाब चांगला वाटला जातो. जमीन सपाट आणि कठीण असेल तर आठ चाकांचे पैसे तुम्ही उगाच भरताय. ओली, पीट (कुजक्या पालापाचोळ्याची दलदलीची) किंवा चिकण असेल तर वसूल होतात. चढाच्या बाबतीत साधारण ३० टक्क्यांपर्यंत नुसत्या चाकांवर मी निश्चिंत असतो. त्यापुढे जमिनीचा पोत, दगड, ओल यांवर ठरतं, आणि खरा तीव्र उतार असेल तर दोराने ओढून धरणाऱ्या विंचशिवाय यंत्र खाली सोडू नये. विंचचा उपयोग चाक घसरू न देण्यासाठी आहे, गाडी लटकवण्यासाठी नाही; विंचशिवाय जिथे गाडी जागच्या जागी उभी राहत नाही तिथे विंच लावूनही मी जात नाही. (उताराच्या आणि जमिनीच्या या दुखण्यावर फिनलंडच्या प्लुस्टेकने १९९० च्या दशकात चक्क सहा पायांवर चालणारा हार्वेस्टर बनवला होता. बाजारात काही आला नाही, पण त्याचा व्हिडिओ सापडला तर जरूर बघा.)

जमीन बिघडते ती बहुतेक वेळा हार्वेस्टरमुळे नाही. तो एकदाच जातो. मागून ओंडके वाहून नेणारा भरलेला फॉरवर्डर, तुमच्या बाबतीत ट्रॉली, त्याच चाकोरीतून पुन्हा पुन्हा जातो आणि मुळं तोडतो. म्हणून झाड नेहमी यंत्राच्या समोर, वाटेवर सोलायचं, म्हणजे फांद्या आणि शेंडे वाटेवरच पडून जाड गादी तयार होते. बाजूला सोललं तर गादी नाही आणि दोन फेऱ्यांत चिखल. नवा ऑपरेटर ओळखायचा असेल तर त्याच्या मागे चालत जा आणि पायाखाली फांद्या आहेत का बघा.

पोकलेनच्या पर्यायावर जरा जास्त बोलतो, कारण तुमचं मन तिकडे ओढतंय असं दिसतं. यंत्र घरचंच आहे, फक्त हेड घ्यायचं. मी या जोडणीला नावं ठेवत नाही. सपाट जमिनीवरची लागवड, सरसकट तोड, युकॅलिप्टससारखी साल तिथल्या तिथे काढायची कामं, किंवा रस्त्याकाठी ओढून आणलेली अख्खी झाडं सोलून तुकडे करणं, यांत पट्ट्यांवरचं यंत्र चाकवाल्यापेक्षा सरस ठरतं. स्थिर उभं राहतं, उचलतं भरपूर, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा मेकॅनिक लवकर सापडतो. पण तुमचं मुख्य काम विरळणीचं आहे, आणि अडचण तिथे आहे.

विरळणीत यंत्राची वाट साधारण ४ मीटर रुंद ठेवतात. बूम १० मीटर पोहोचते, म्हणून दोन वाटांत २० मीटर अंतर. आता २० टनी साध्या पोकलेनचा मागचा भाग फिरताना केंद्रापासून पावणेतीन मीटरच्या आसपास बाहेर येतो. म्हणजे पूर्ण फिरायला साडेपाच मीटरची जागा हवी. चार मीटरच्या वाटेत तो फिरवायचा तर प्रत्येक वळणाला मागच्या झाडाला धक्का, नाहीतर वाटच रुंद करा, म्हणजे राखायची झाडं कापा. चाकवाल्या हार्वेस्टरमध्ये फिरतो तो क्रेन किंवा क्रेनसकट केबिन. मागे काउंटरवेट घेऊन अख्खं धड फिरत नाही. कमी शेपटीची पोकलेन येते, तिने हे दुखणं बरंच हलकं होतं, पण तुमची तशी आहे का ते आधी बघा.

दुसरी गोष्ट तेलाची. "ब्रेकरची लाइन आहेच, तीच हेडला जोडू" असं बरेच जण म्हणतात. ब्रेकरला (दगड फोडायच्या हातोड्याला) एका दिशेने तेल जातं आणि परत येतं, बस. मध्यम हेडला मिनिटाला २०० ते ३०० लिटर तेल, साधारण २५० ते २८० बार दाबाने लागतं. परतीच्या लाइनवर दाब साठता कामा नये. आणि सॉ मोटरच्या आतली गळती थेट टाकीत सोडणारी वेगळी बारीक लाइन लागते. ती विसरली की मोटरचं सील जातं. शिवाय पोकलेन खणते तेव्हा पंपावरचा भार येतो-जातो. हार्वेस्टरमध्ये रोलर, फांद्या छाटणाऱ्या सुऱ्या, करवत आणि बूम एकाच वेळी तेल मागतात, सतत, दिवसभर. मूळ कूलर याला पुरत नाही. दुपारनंतर तेल तापलं की फीड (खोड हेडमधून सरकवणं) मंदावतं, आणि ऑपरेटर म्हणतो हेड खराब आहे. जादा कूलर, हेडच्या कंट्रोलशी जुळणारे व्हॉल्व्ह, आणि मोजमापाचा कॉम्प्युटर, हे सगळं हेडच्या किमतीत धरूनच तुलना करा.

तिसरी गोष्ट चालण्याची. पोकलेन एका जागी उभी राहून खणण्यासाठी बनवलेली असते. विरळणीत यंत्र दर दोन-तीन मिनिटांनी चार-पाच मीटर सरकतं, खुंटांवरून, फांद्यांवरून. खणकामात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या ट्रॅव्हल मोटर आणि रोलर इथे लवकर झिजतात. पोटाखालची उंचीही कमी, त्यामुळे बुडखे जमिनीलगत कापले नाहीत तर यंत्र त्यांच्यावर बसतं. आणि काच! खणकामाची काच इथे चालत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

जुना आठचाकी हा वाईट पर्याय नाही, फक्त तास बघून घ्यायचा नाही. इंजिनचे १२,००० तास हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. बारीक झाडांत १२,००० तास काढलेलं यंत्र मला जाड झाडांत ८,००० तास झोडपलेल्या यंत्रापेक्षा जास्त आवडेल. हे कळणार कसं? आधुनिक हार्वेस्टरचा कॉम्प्युटर प्रत्येक खोडाची नोंद ठेवतो. या नोंदींची प्रमाणपद्धत स्टॅनफर्ड नावाची, स्वीडनच्या स्कूगफोर्स्क या वनसंशोधन संस्थेच्या देखरेखीखालची; सध्याची आवृत्ती स्टॅनफर्ड २०१०. विकणाऱ्याला मागच्या एक-दोन वर्षांच्या उत्पादनाच्या फाइल मागा. सरासरी खोड केवढं होतं, दिवसाला किती झाडं गेली, सगळं त्यात असतं. फाइल द्यायला खळखळ करणाऱ्याला मी भावच विचारत नाही.

यंत्र बघायला सकाळी लवकर जा आणि इंजिनला हात लावून बघा. आधीच गरम असेल तर थंड स्टार्ट लपवलाय. मग किमान दोन तास झाडांवर काम करून बघा, कारण पंपाचं आणि मोटरचं दुखणं तेल तापल्यावरच वर येतं. तेव्हा करवत, फीड आणि बूम एकत्र मागून बघा. एकेक हालचाल तर मरायला टेकलेलं यंत्रही नीट करतं. क्रेन जिथून फिरते तिथला पाया, मधला सांधा, बोगीचे बेअरिंग, हेड टांगलेला रोटेटर आणि त्याची लिंक, इथली ढिलाई हाताने नाही, दुसऱ्याला बूम जमिनीवर टेकवून हलकं दाबायला सांगून डोळ्याने बघायची. हेडच्या सांगाड्यावर रंग नवा असेल तर खाली वेल्डिंग शोधा. तेलाचा फिल्टर कापून आतले धातूचे कण बघायला परवानगी मागा. बूममधून हेडपर्यंत जाणारी वायरिंग जुन्या यंत्रांत सर्वांत जास्त छळते. ती मधेच दगा देते, आणि बिघाड मेकॅनिक आला की गायब होतो. हेड बदललेलं आहे का हेही विचारा. गाडा १५,०००-२०,००० तास जातो, हेड तेवढं जात नाही. चांगल्या गाड्यावर नवं हेड हा माझ्या मते बऱ्याचदा सर्वांत शहाणा सौदा असतो, आणि तो तुमच्या तीन पर्यायांत नाहीच.

कंपनीचं विचारलंत, तर लांबण लावत नाही. फिनलंडची पोन्से, जॉन डिअरचा योएन्सूचा कारखाना, स्वीडनमध्ये उमेओचं कोमात्सु, कॅनडाची टायगरकॅट. हेडमध्ये लॉग मॅक्स आणि वाराटा. या सगळ्यांनी चांगली यंत्रं बनवलीत. जुन्या बाजारात टिंबरजॅक किंवा वाल्मेट ही नावं दिसली तर बिचकू नका. टिंबरजॅक २००० मध्ये जॉन डिअरकडे गेली आणि वाल्मेटचा वनयंत्रांचा धंदा २००४ मध्ये कोमात्सुकडे. मी ठरवताना एकच बघतो: होज फुटला, सेन्सर गेला, तर भाग आणि तो बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी पोहोचतो का. हार्वेस्टर उभा राहिला की मागची ट्रॉलीही उभी, आणि हप्ता चालूच. तुमच्या भागात ज्या कंपनीचा मेकॅनिक जवळ आहे ती तुमच्यासाठी चांगली.

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर तोही बघा. हार्वेस्टर विरळणीत तासाला ८ ते १२ घनमीटर काढेल असं धरा. तुमच्या ट्रॉलीने क्रेनने भरणं, बाहेर आणणं, थप्पी लावणं आणि परत जाणं याला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा. ओढण्याचं अंतर वाढलं की हा आकडा झपाट्याने पडतो. ट्रॉली तासाला ५ घनमीटरच आणत असेल, तर नव्या यंत्राने तुम्ही रानात पडून राहणाऱ्या लाकडाचा साठा वाढवताय, उत्पन्न नाही. पाइन-स्प्रूससारख्या लाकडाला उन्हाळ्यात पडून राहिल्यावर निळा डाग धरतो आणि सालकिडे लागतात. त्यामुळे पैसे उरले तर मोठ्या हार्वेस्टरऐवजी मागच्या वाहनावर घाला, असं मी आत्ताच सांगून ठेवतो. हार्वेस्टरच्या ऑपरेटरनेही मागच्याचा विचार करून ओंडके टाकायचे: लांबीप्रमाणे वेगळ्या थप्प्या, वाटेशी काटकोनात, क्रेनच्या पोहोचीत, टोकं एका रेषेत. हार्वेस्टरचे त्यात गेलेले दोन सेकंद मागे वीस वाचवतात.

भावाचं शिक्षण. पोकलेनवाल्याचे हात तयार असतात. जॉयस्टिक त्याला आठवड्यात अंगवळणी पडतील. म्हणून पहिल्या महिन्यात तो तुम्हाला खूप हुशार वाटेल, आणि मग प्रगती थांबल्यासारखी होईल. कारण या कामात हात कमी आणि डोकं जास्त लागतं: कुठलं झाड काढायचं, कुठे पाडायचं, कुठे तुकडा तोडायचा, आणि हे सोललं जात असताना पुढचं कुठलं. चांगला ऑपरेटर एका झाडाच्या पुढे विचार करत असतो. कामापुरता तयार व्हायला काही महिने, आणि यंत्राची पूर्ण ताकद वापरायला एक-दोन वर्षं लागतात. सिम्युलेटर मिळत असेल तर आधी त्यावर बसवा. तिथे बूम मोडली तर पैसे लागत नाहीत.

शिकवताना मी वेगावर बोलतच नाही. फीड सेकंदाला ५ मीटर जातो की ४, याने दिवसाअखेर फारसं बिघडत नाही. वेळ जातो तो रिकाम्या बूमच्या फिरण्यात. नवा माणूस यंत्र हलवायला कंटाळतो आणि बूम पूर्ण लांबवून दहा मीटरवरचं झाड ओढतो; तिथे ताकद सर्वांत कमी आणि नेमही कच्चा. चार ते सात मीटरच्या पट्ट्यात जमेल तेवढं काम ठेवा, यंत्र जास्त वेळा पुढे सरकवा. झाड मोकळ्या जागेत पाडा, उभ्या झाडांच्या शेंड्यांत नाही, म्हणजे ते अडकणार नाही आणि राहणाऱ्यांच्या फांद्या मोडणार नाहीत. सोलून झालेलं खोड मागे-पुढे खेळवू नका. करवत लाकडात असताना हेड हलवायचं नाही. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) वाकतो, चेन उतरते. सुऱ्यांचा दाब जास्त ठेवला तर घर्षण आणि डिझेल वाढतं, कमी ठेवला तर खोड लोंबतं आणि माप चुकतं. झाडाच्या जातीप्रमाणे तो रोज थोडा बदलावा लागतो. बोथट सुऱ्या आणि बोथट चेन घेऊन जॉयस्टिकवर जोर काढणारे बघितले की मला चीड येते. बुंधा तडकतो तोही बऱ्याचदा करवत मंद चालल्यामुळे, आणि सर्वांत महाग ओंडका तोच असतो.

मापाबद्दल थोडं. लांबी मोजते एक दातेरी चाकाची जोडणी, व्यास कळतो सुऱ्या किंवा रोलर किती उघडलेत त्यावरून. या दोन्हीला रोज पडताळा लागतो. यंत्राने निवडलेलं एखादं खोड बाजूला ठेवून टेप आणि कॅलिपरने मोजा. लांबीत २ सेंटिमीटर आणि व्यासात ४ मिलिमीटरच्या आत राहायचं हे माझं धोरण. झाडात रस चढतो त्या दिवसांत साल सैल होते, चाक तिच्यासकट घसरतं किंवा आत रुततं, आणि कालपर्यंत बरोबर असलेली लांबी आज चुकते. गिरणीने ओंडके आखूड म्हणून परत केले की त्या दिवसाची सगळी कमाई गेली.

आता काचेकडे येतो. हार्वेस्टरची चेन सेकंदाला ४० मीटरच्या आसपास धावते. ती तुटली आणि टोकाचा दुवा सुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा जातो, आणि जातो तो बारच्या चपट्या बाजूच्या सरळ रेषेत, चेन फिरते त्याच प्रतलात. म्हणून केबिनला काचेऐवजी जाड पॉलिकार्बोनेट (कणखर पारदर्शक प्लास्टिक) लागतं. चेनच्या तुकड्यांपासूनच्या संरक्षणाच्या चाचणीसाठी आयएसओ ११८३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, उलटण्यापासून ८०८२, वरून पडणाऱ्यासाठी ८०८३ आणि आत घुसणाऱ्या फांदीसाठी ८०८४. पोकलेनला हेड लावणार असाल तर केबिनवर ही संरक्षणं बसवल्याशिवाय एकही झाड कापू नका. बार स्वतःकडे, ट्रॉलीकडे किंवा रस्त्याकडे रोखलेला असताना करवत सुरू करायची नाही, ही सवय भावाला पहिल्या तासापासून लावा. तुमच्या टोळीला यात खास धोका आहे. त्यांना झाडाच्या दोन उंचींइतकं अंतर पुरतं असं वाटतं, चेनसॉच्या कामातून आलेली ती समजूत आहे. यंत्रावरच्या स्टिकरवर जे अंतर लिहिलेलं असेल, ७० मीटर, ९० मीटर, जे काही, तेवढ्या आत कोणी आलं की हेड जमिनीवर टेकवायचं. जाड झाडं आधी पाडून टोळी बाहेर, मग यंत्र आत, असा क्रम मी वर सांगितला तो यासाठीसुद्धा.

राहिला तासांचा हिशेब, ज्यावर सगळ्यांचा सौदा शेवटी अडतो. हप्ता, विमा, घसारा हे यंत्र उभं असलं तरी चालू असतात. नवं यंत्र घेतलं तर वर्षभर, शक्य असेल तर दोन पाळ्यांत, ते चालवायला पुरेल एवढं काम हातात हवं. आणि ठरवलेल्या वेळातला चौथा-पाचवा हिस्सा दुरुस्ती, सर्व्हिस आणि एका जागेहून दुसरीकडे नेण्यात जाणारच. तेवढं काम नसेल, वर्षातले काही महिने जमीन ओली म्हणून बंद असतील, तर जुना गाडा बरा: तो उभा राहिला तरी रक्त आटवत नाही. तुम्ही कामाचा आवाका लिहिलेला नाही, म्हणून नवा की जुना यावर मी इथून बोट ठेवणार नाही. विरळणी मुख्य असेल तर मध्यम गाडा आणि साधारण एक टनाचं हेड, एवढं मात्र आत्ताच सांगतो. पोकलेन सरसकट तोडीपुरती ठेवा, किंवा तिला रस्त्याच्या कामालाच राहू द्या.

घाई नसेल तर यंत्र असलेल्या एखाद्या कंत्राटदाराला तुमच्याच एका तुकड्यात घनमीटरच्या दराने काम द्या. भावाला त्याच्या ऑपरेटरच्या शेजारी बसू द्या, जर केबिनमध्ये दुसरी सीट असेल तरच. नाहीतर सिम्युलेटर बरा, पायरीवर उभं राहून शिकवणं नको. टोळीला ट्रॉलीवर लावून ती यंत्रामागे टिकते का ते बघा. करार करतानाच लिहून घ्या की उत्पादनाच्या फाइलची एक प्रत तुम्हाला मिळेल. दोरी घेऊन काढलेला तुमचा सरासरी व्यास आणि त्या फाइलमधला, दोन्ही शेजारी ठेवा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर यंत्राचा भाव करण्याआधी वर्तुळं पुन्हा घाला.